बंद घर फुटलं, ग्रुप पेटला: गल्लीनं आधी काय करावं आणि मग काय बोलावं

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या वडगाव भागातली गल्ली, व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं. लोक लग्नाला गेले असताना एक बंद घर फुटलं. तेव्हापासून रोज रात्री "हा बघा, तो बघा" सुरू आहे. कुणी चादरी विकणाऱ्याचा फोटो टाकतो, कुणी कुठल्याशा गावचा जुना व्हिडिओ. निम्मे लोक ग्रुप सोडायच्या बेतात आहेत. ग्रुप बंद करावा का, आणि पुन्हा चोरी झाली तर नेमकं काय करायचं?

ग्रुप बंद करू नका. बंद केलात तर त्याचे चार लहान ग्रुप होतील आणि तिथं काय शिजतंय ते कुणालाच कळणार नाही. फक्त एक ठरवून घ्या: वाचणाऱ्याला काही करता येईल असाच निरोप इथं टाकायचा. "दिवस वाईट आहेत, सावध राहा" वाचून माणूस करणार काय? "मारुती मंदिरामागच्या बोळातला दिवा आज बंद आहे, परसदाराला आतून कडी लावा" म्हटलं की पाच घरातली माणसं उठून कडी बघून येतात.

त्याहून मोठा घोळ क्रमाचा होतो. काही दिसलं की आधी फोटो, मग ग्रुप, मग तीस-चाळीस उत्तरं, आणि वीस मिनिटांनी कुणीतरी विचारतं, "पोलिसांना कळवलं काय?" तेव्हा कळतं, प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्यानं कळवलं. म्हणून ज्यानं बघितलं त्यानंच ११२ लावायचा. नंतर शेजारच्या दोन घरांना थेट फोन. ग्रुप तिसरा. रात्री दोन वाजता ग्रुप वाचायला कोण जागं असतं? रिंग वाजली तर माणूस उठतो.

११२ वर बोलताना आधी जिल्हा आणि तालुका सांगा, मग गाव किंवा भाग, मग ओळखीची खूण. शहरातल्या माणसाला हे उगाच वाटेल. पण उचगाव, बेकिनकेरे, तुरमुरी बाजूला किंवा निपाणीच्या कडेला मोबाईल पलीकडच्या राज्याचा टॉवर धरतो, आणि फोन महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात लागू शकतो. "गणपत गल्लीत या लवकर" एवढंच बोललात तर समोरच्याला काहीच उमगणार नाही. गणपत गल्ली किती गावांत आहे बघा. गाडी निघाल्यावर तुम्हाला परत फोन येतो, तो उचला. अनोळखी नंबर म्हणून कापला की पोलीस गल्लीच्या तोंडाशी पत्ता विचारत उभे.

ग्रुपवरचा निरोप असा हवा:

"रात्री ११.२०. दुसऱ्या क्रॉसला, पिठाच्या गिरणीजवळ. दोघेजण, काळी मोटरसायकल, नंबरप्लेटवर चिखल. बंद घराच्या फाटकाला हात लावून बघत होते. आता रेल्वे फाटकाकडे गेले. ११.२३ ला ११२ ला कळवलंय. मागच्या ओळीतल्यांनी दिवे लावा, बाहेर एकट्यानं येऊ नका."

वेळ, जागा, काय करत होते, कुठं गेले, कुणी कळवलं, आता काय करायचं. "संशयास्पद इसम फिरतोय" या वाक्यात यातलं एकही नाही. माणूस कसा दिसतो यापेक्षा तो काय करत होता ते लिहा. लुंगी, दाढी, बोलण्याची ढब यावरून चोर सापडत नाहीत, निरपराध मात्र मार खातात. आणि काम मिटलं की ज्यानं निरोप टाकला त्यानंच "मिटलं, ते वायरमन होते" असं लिहून बंद करायचं. हे शेवटचं कुणी करत नाही, म्हणून तोच निरोप सकाळी दुसऱ्या गल्लीत नव्यानं फिरत असतो.

"एमएचची गाडी दोनदा गेली" असले निरोप बेळगावात तरी टाकू नयेत. एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर, अर्ध्या गल्लीची सोयरीक तिकडची. चंदगडचा माणूस बाजाराला, दवाखान्याला इथंच येतो. केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी, केए-२४ बैलहोंगल, केए-४९ गोकाक, या सगळ्या आपल्याच जिल्ह्याच्या पाट्या आहेत. नंबर पूर्ण टिपा, त्याचा उपयोग होतो. राज्यावरून तर्क लढवू नका.

मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा ही या सगळ्यातली सर्वांत घातक गोष्ट. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना ठार केलं. त्याच महिन्यात आपल्या कर्नाटकात बिदर जिल्ह्यात एका तरुणाचा जीव गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यात, म्हणजे विजापूरच्या सीमेला लागून, पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना बेदम मारलं. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. भाषा नीट कळली नाही, संशय आला, माणसं गोळा झाली. सीमाभागात हा धोका दुप्पट आहे, कारण इथं फिरणारा माणूस मराठी, कन्नड, हिंदी यांपैकी एकच बोलत असतो आणि अडवणारा नेमका दुसरी. पोतराज, नंदीबैलवाले, गोसावी, मिक्सर दुरुस्तीवाले, राजस्थानी चादरवाले, सगळे या फेऱ्यात येतात.

शंका आलीच तर दोघांनी जावं, त्यातला एक त्याची भाषा येणारा. "कुठून आलात, कुणाकडं आलात" एवढंच विचारावं. पिशवी तपासायची नाही, हात धरायचा नाही, ओळखपत्र काढून घ्यायचं नाही, घोळका करायचा नाही. उत्तर पटलं नाही तर अंतर ठेवून ११२. फोटो काढलाच तर तो पोलिसांना द्यायचा. ग्रुपवर टाकला की तासाभरात त्याच्याखाली "चोर सापडला" अशी ओळ कुणीतरी लिहितं आणि मग तो फोटो परत बोलावता येत नाही. पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान असल्या कारणावरून मिळून खून केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) नं जन्मठेप किंवा फाशी आहे, आणि ती त्या जमावातल्या प्रत्येकाला. "मी नुसता उभा होतो" म्हणणाराही कोर्टाच्या फेऱ्यात अडकू शकतो.

फॉरवर्ड ओळखायची सोपी खूण म्हणजे व्हॉट्सॲपवर निरोपाच्या वर दिसणारे दोन बाण. ते दिसले की तो निरोप बऱ्याच हातांतून आलाय, टाकणाऱ्याला मूळ ठाऊक नाही. असा निरोप गल्लीच्या ग्रुपवर नको, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मा कचरा जातो. ॲडमिन मंडळींची एक भीतीही काढून टाकतो. दुसऱ्यानं आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय. तरी दोनशे माणसांच्या ग्रुपला तीन ॲडमिन हवेत, त्यात एक बाई आणि एक कन्नड लिहिता येणारा. तणावाच्या दिवसांत, म्हणजे १ नोव्हेंबर (राज्योत्सव आणि काळा दिन), विसर्जन, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, "फक्त ॲडमिन लिहू शकतील" हे बटण दाबून ठेवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसवाहकाला झालेल्या मारहाणीवरून दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या बंद पडल्या होत्या, आठवत असेल. भांडण चार माणसांचं, पण ते भाषेचं म्हणून फिरलं की कोल्हापूरला शिकणारी पोरं स्टँडवर अडकतात.

आता घरफोडी. चोराला सगळ्यात आधी दिसतं ते बाहेरून लावलेलं कुलूप. यल्लम्माच्या यात्रेला अख्खी गल्ली सौंदत्तीला जाते तेव्हा ओळीनं कुलपं लटकलेली असतात. त्यात दारात तीन दिवसांची वर्तमानपत्रं, आणि दिवसाढवळ्या जळणारा अंगणातला दिवा. दिव्याला टायमर लावा किंवा तो लावायचं-विझवायचं शेजाऱ्यावर सोपवा. पेपर आणि दूध बंद करायला सांगा. गावाला गेल्याचे फोटो परत आल्यावर टाका.

कुलूप महागातलं आणि कोयंडा दहा रुपयांच्या स्क्रूवर, असं बहुतेक दारांचं असतं. कुलपाला चोर हात लावत नाही. कोयंड्याखाली पहार सरकवून उचकटतो, अर्ध्या इंचाचे स्क्रू लाकडासकट बाहेर येतात, मिनिटभराचं काम. उपाय स्वस्त आहे. कोयंडा काढून दाराच्या आरपार भोकं पाडा, ६ किंवा ८ मिलिमीटरचे गोल डोक्याचे बोल्ट घाला, डोकं बाहेर, आतून रुंद वॉशर आणि नट. चौकटीच्या बाजूलाही तेच. चौकट भुसभुशीत झाली असेल तर बोल्टसुद्धा उपयोगाचा नाही, आधी तेवढा तुकडा बदलून घ्या. त्याहून बरं म्हणजे दाराच्या आत बसणारं लॅचचं कुलूप. बाहेरून घर बंद आहे की माणसं झोपलीत ते कळत नाही.

पुढच्या दाराला लोखंडी ग्रील आणि परसदाराला पत्र्याची फळी, हेही नेहमीचं. जुन्या कौलारू घरात तर कौलं सरकवून माणूस आत उतरतो, तिथं निदान दागिन्यांच्या खोलीला लाकडी फळ्यांचा माळा किंवा आतून जाळी असावी. शहापूर, वडगावातल्या जुन्या घरांच्या भिंती एकमेकांना चिकटून आहेत, त्यामुळे शेजारचं बंद घर हाही तुमचाच धोका. गावाला जाताना पोलीस ठाण्यात घर बंद असल्याचं कळवून ठेवा: तारखा, खूण, किल्ली कुणाकडं. आपल्या भागात गस्तीला असलेल्या बीटच्या पोलिसाचा नंबर घेऊन ठेवा.

दागिन्यांची यादी आज करा, चोरीनंतर आठवत नाही. प्रत्येक नगाचा फोटो नाण्याशेजारी ठेवून काढा म्हणजे आकार कळतो. वजन ग्रॅममध्ये लिहा. "तीन तोळ्यांचं गंठण" सांगितलं आणि पावतीवर २७ ग्रॅम निघाले की पुढं उलटतपासणीत तेच धरून बसतात. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो भिंगातून वाचून उतरवा. आजीच्या जुन्या दागिन्यावर तो नसतो, तिथं फोटो आणि लग्नाच्या अल्बमवर भागवावं लागतं.

घर फुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका. शेजारी चुलत्यापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे आत शिरून कपाट बघतात आणि ठसेतज्ज्ञ येईपर्यंत दहा जणांचे ठसे उमटलेले. श्वानपथकाचीही तीच गत, अंगणात पाणी मारलं, पावलं पडली की वास गेला. फाटकाला दोरी बांधा, एक माणूस उभा करा, घरच्यांना फोन करा. आत कुणी जखमी असल्याची शंका असेल तर अर्थात थांबायचं नाही.

ठाण्यात जाताना भाषेवरून बिचकू नका. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत तक्रार-निवेदन देता येतं, आणि मराठी इथं वापरली जाते हे सांगायला नको. व्यवहारात मात्र पोलीस एफआयआर कन्नडात लिहितात. त्यावर भांडत बसण्यापेक्षा आपली तक्रार मराठीत दोन प्रतींत लिहून न्या, एकीवर पोहोच म्हणून शिक्का, तारीख आणि सही घ्या. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेऊन फिर्याददाराला वाचून दाखवणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं पोलिसांवर बंधनकारक आहे. कन्नड वाचणारा माणूस सोबत न्या आणि चार गोष्टी बोटानं दाखवून तपासा: घर शेवटचं नीट बघितल्याची तारीख-वेळ, चोरी लक्षात आल्याची वेळ, दागिन्यांची वजनं, रोख रक्कम. मग सही. कोऱ्या कागदावर नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

घाईत दोनच दागिने सांगून नंतर पाच आठवतात, असं फार होतं. मग पुरवणी जबाब द्यावा लागतो आणि समोरचा वकील त्यावर बोट ठेवतो. "यादी पूर्ण झालेली नाही, तपासून देतो" हे वाक्य पहिल्याच फिर्यादीत घालून घ्या.

हद्दीचा वाद आला तर "झिरो एफआयआर" म्हणा. गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यानं नोंदवून योग्य ठाण्याकडं पाठवायचा असतो. सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीत कामाला असलेल्याची मोटरसायकल तिकडं गेली तरी बेळगावात नोंदवता येते. ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यानं नकार दिला तर लेखी तक्रार वर पाठवा: काकती, मारीहाळ, हिरेबागेवाडी ही ठाणी गावाकडची वाटली तरी शहर पोलीस आयुक्तालयात येतात, खानापूर, निपाणी, चिकोडी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. तपास कुठंवर आला ते ९० दिवसांच्या आत कळवणंही आता कायद्यात आहे.

एक खाचखळगा. पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे रस्त्यावरची सायकल गेली तर नुसती नोंद होईल आणि त्यात पोलिसाची टाळाटाळ नसते. घरातून गेलेली वस्तू त्यात येत नाही, ते कलम वेगळं आणि दखलपात्र. शिवारातल्या बोअरची तांब्याची केबल गेली तर किती मीटर, किती चौरस मिलिमीटरची, ते पावतीसकट लिहा. नुसतं "वायर चोरली" लिहिलंत की किंमत कमीच धरली जाते.

कॅमेऱ्यांवर गल्ल्यांनी बराच पैसा घातलाय आणि बहुतेक ठिकाणी कॅमेरा भलत्याच उंचीवर टांगलाय. दुसऱ्या मजल्यावरून टोपी दिसते, तोंड दिसत नाही. आठ ते दहा फूट उंची, गल्लीच्या तोंडाशी, येणाऱ्याच्या समोरून. नंबरप्लेटसाठी वेगळा अरुंद लेन्सचा कॅमेरा लागतो, रात्री हेडलाइटच्या झोतात साधा कॅमेरा पांढराफटक पडतो. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे चित्रण आवळून साठवणाऱ्या एच.२६५ पद्धतीनं साधारण दीड एमबीपीएसवर ठेवले तर दिवसाला ६५ जीबीच्या आसपास लागतात, म्हणजे एक टीबीची डिस्क दोन आठवड्यांत भरते आणि जुनं पुसलं जातं. महिन्याभराच्या यात्रेवरून परतलेल्याला काय मिळणार? दोन टीबी घ्या. वीज गेलेली असतानाही घरं फुटतात, चित्रण साठवणारा डबा म्हणजे डीव्हीआर आणि राउटर दोन्ही यूपीएसवर हवेत. डीव्हीआरचं घड्याळ दहा-पंधरा मिनिटं पुढंमागं असतं. मोबाईलच्या घड्याळाशेजारी पडद्याचा फोटो काढून फरक लिहून ठेवा.

चित्रण मोबाईलनं पडद्यावरून शूट करून ग्रुपवर टाकलं की झालं, असं समजतात. कोर्टाला ते चालत नाही. मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढून द्यायची आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं, त्यात फाइलचा हॅश क्रमांक येतो, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखायची खूण. ते पोलिसांच्या मदतीनं भरा. कोपऱ्यावर मंगल कार्यालय किंवा बँक असेल तर तिथंही लगेच चौकशी करा. कर्नाटकच्या २०१७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यानं जास्त वर्दळीच्या जागांना ३० दिवसांचं चित्रण ठेवावं लागतं. आपला कॅमेरा शेजाऱ्याच्या न्हाणीघराकडं किंवा खिडकीकडं वळलेला नाही ना, हेही बघा. चोरापेक्षा त्यावरून जास्त भांडणं होतात.

फोन गेला तर आधी सिम बंद करून नवं घ्या, कारण बँकेचे ओटीपी त्यावर येतात. मग पोलिसांतली हरवल्याची नोंद, ओळखपत्र आणि आयएमईआय म्हणजे फोनचा स्वतःचा क्रमांक घेऊन सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर फोन ब्लॉक करा. आयएमईआय आजच *#०६# दाबून लिहून ठेवा. खात्यातून पैसे गेले तर सायबर फसवणुकीसाठीचा १९३० लावा, त्याच तासात, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. व्हिडिओ कॉलवर पोलीस बनून "तुम्हाला डिजिटल अटक झाली" असं कुणी घाबरवलं तर लक्षात ठेवा, असली गोष्ट कायद्यात नाही. खानापूर तालुक्यात २०२५ मध्ये याच धमकीपायी एका वृद्ध दांपत्यानं जीव दिला. तेव्हा गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना हे ग्रुपवर लिहून भागणार नाही, ते ग्रुपवर नसतातच. घरी जाऊन सांगा, आणि "व्हिडिओ कॉलवर पोलीस आला तर फोन ठेवून मला हाक मारा" असं तुमचं नाव-नंबर मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर चिकटवून या.

बंद दिवे, कचरा, कुत्री हे ग्रुपवर रोज येतं आणि तिथंच मरतं. दिव्याच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तो घालून महापालिकेकडं तक्रार करा, गावात ग्रामपंचायतीकडं. तार तुटली, वीज गेली तर वीज कंपनीचा, म्हणजे हेस्कॉमचा १९१२. कुत्रं चावलं तर ग्रुपवर विचारत बसायच्या आधी जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, सणासाठी सरकारनं सूट दिलेले मोजके दिवस सोडून. मंडळाशी आधी तोंडी बोला, पंचांना मध्ये घाला. थेट ११२ लावलात तर आवाज त्या रात्री बंद होईल, पण परसदाराकडं लक्ष ठेवायला उद्या तीच पोरं लागणार आहेत.

तक्रारीचा क्रमांक मिळाला की तो ग्रुपवर टाका आणि पाठपुरावा करणाऱ्याचं नाव शेजारी लिहा.